ताजी माती

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग काश्मीर खोऱ्यात होती. काम रोड ओपनिंगचं. सिव्हिलमधल्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, रस्ता उघडायचा म्हणजे काय, त्याला कुलूप असतं का? तर सांगतो. लष्कराच्या गाड्यांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, निघायच्या आधी आम्ही तो सगळा रस्ता पायी चालून तपासायचो. प्रत्येक पुलिया, म्हणजे नाल्यावरचा छोटा पूल, त्याखालचा प्रत्येक पाइप, प्रत्येक झुडूप. उकरलेली माती, नवं प्लास्टर, काल नव्हता आणि आज आहे असा दगड. सगळं ठीक असलं की रेडिओ सेटवर ‘रोड ओपन’ सांगायचं. मग गाड्या जायच्या आणि आतले जवान आम्हाला हात करायचे.

मी हवालदार सुधाकर मेश्राम. रेडिओ सेट माझ्या पाठीवर. माझ्या पुढे नाईक विलास आडे. तो घाटंजीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा, माझं गाव तिथून सायकलच्या अंतरावर. पार्टीचा प्रमुख सुभेदार गावंडे, तोही आमच्याच जिल्ह्याचा, पांढरकवड्याचा. एका जिल्ह्याचे तिघे म्हणून बाकीचे आम्हाला ‘यवतमाळवाले’ म्हणायचे. विलास आणि मी एकमेकांशी वऱ्हाडीत बोलायचो. गावंडे आमच्याशी हिंदीतच बोलायचा. सुभेदार झाल्यापासून त्याला वऱ्हाडी कळेनाशी झाली होती.

त्या सकाळी थंडी होती आणि दृश्यमानता चांगली होती. नेहमीच्या वेळी निघालो. निम्म्याहून जास्त रस्ता झाला. एका पुलियाच्या अलीकडे विलासने हात वर केला. आम्ही सगळे जागेवर थांबलो. तो खाली बसला, पाहिलं, आणि माझ्याकडे न वळता बोलला, “रुको. मिट्टी ताज़ी है.”

मी सेटवर तसंच्या तसं सांगितलं. गावंडे मागे गाडीजवळ होता. उत्तर आलं, “कॉन्व्हॉय खड़ा है. आगे बढ़ो.”

मी म्हणालो, “साब, आडे बोल रहा है मिट्टी ताज़ी है. बम डिस्पोज़ल वालों को बुला लीजिए.”

“घंटा लगेगा उनको. ऊपर से फोन आ रहा है. मैंने बोला आगे बढ़ो. ओवर.”

विलासनेही ते ऐकलं. सेटचा आवाज मोठा होता. तो उठला आणि मला म्हणाला, “तू अठीच थांब.” मग तो पुढे गेला.

मला शुद्ध आली ती हॉस्पिटलमध्ये. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, डोक्याला मार होता. विलास गेला होता. मी तिथे पडून असतानाच चौकशी झाली. गावंडेने जबानी दिली की आडेने कोणतीही सूचना दिली नाही, घाईत स्वतःच पुढे गेला. माझी जबानी नंतर घेतली. चौकशीच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या डोक्याला इजा आहे, तुम्ही आराम करा. विलासला तिरंग्यात गावी आणलं, बंदुकांची सलामी दिली. पण ‘पोरानं घाई केली’ हा शब्दही त्या पेटीबरोबर तांड्यावर पोहोचला. विलासच्या आईने तो ऐकला. तिला सगळे याडी म्हणतात. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई.

मी मुदत संपल्यावर पेन्शनीत आलो. शेतात कापूस आणि तूर. माणसं म्हणायची, बाबू, आता सुखी झाला तू. मी पहाटे उठायचो आणि गावापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या सगळ्या पुलिया तपासून यायचो. एसटीची पहिली फेरी यायच्या आत. लोकांना वाटायचं मी फिरायला जातो. पोटात सतत आग, जबडा आवळलेला, मानेची शीर ताठ. दार आपटलं की मी भिंतीला. मुलीच्या हातून ताट पडलं तर मी तिच्यावर असा ओरडायचो की ती दुसऱ्या खोलीत जाऊन जेवायची. ईसीजी काढला, पोटात दुर्बीण घातली, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. जणू मी ते बाजारातून घेऊन येत होतो.

टेन्शनचं नाव मला माहीत होतं. गावंडे. तोही निवृत्त झाला होता. सव्वीस जानेवारीला शाळाशाळांतून त्याचे सत्कार व्हायचे. तो पोरांना शौर्याच्या गोष्टी सांगायचा. एकदा तर त्याच पुलियाची गोष्ट सांगितली, आणि तिच्यात जखमी झालेल्या मला तो स्वतः उचलून आणत होता. ते ऐकलं त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

मी सैनिक. मी बडबड करत बसलो नाही, मी रेकी केली, म्हणजे आधी टेहळणी. महिनाभर निरनिराळ्या निमित्ताने पांढरकवड्याला गेलो. गावंडे रोज सकाळी केळापूरच्या देवीच्या रस्त्याने एकटा फिरायला जायचा. पांढरे बूट, हातात काठी. एका ठिकाणी रस्ता वळतो, बाजूला पळसाची गर्दी. तिथून पुढचं आणि मागचं दोन्ही दिसतं. माझ्याकडे लायसन्सची बारा बोअर बंदूक होती. एवढं सांगितलं म्हणजे पुरे. रात्री झोप नाही आली की मी ते वळण डोळ्यांपुढे आणायचो आणि मला बरं वाटायचं. दुसऱ्या कशानेच वाटत नव्हतं.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळा गावाच्या आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत भरतो. सजवलेल्या बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, आणि मग मानाची जोडी पुढे होऊन आंब्याच्या पानांचं ते तोरण तोडते. पोळा फुटला म्हणतात तो तेव्हा. तोपर्यंत त्या तोरणाला कोणी बोट लावत नाही. या मानावरून आमच्या भागात डोकी फुटलेली आहेत. त्या वर्षी सरपंचांनी प्रमुख पाहुणा बोलावला, आणि तो होता सुभेदार गावंडे.

मी बंदूक घरी ठेवली होती. लोकांदेखत काही करायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त त्याने मला पाहावं, एवढ्यासाठी मी समोर उभा राहिलो. त्याने पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आखराच्या तोंडाशी एक पुलिया आहे. सकाळी मी ती तपासली होती, साफ होती. दुपारनंतर तोरणाचे खांब रोवायला पोरांनी तिच्या दोन्ही बाजूंना खड्डे केले होते. भोंग्याची वायर बैलांच्या पायात येऊ नये म्हणून तोरणावरून आणून पुलियाच्या पाइपातून पलीकडे काढली होती. यातलं मला काही माहीत नव्हतं. झडती संपली, ‘हर बोला’ झालं, मानाची जोडी हलली. आणि मला दिसली ती ताजी माती. मग पाइपात जाणारी वायर.

मी ओरडलो, “रुको! लेट जाओ! सब लेट जाओ!”

मी धावलो. मानाच्या जोडीच्या मालकाला धक्का देऊन मागे लोटलं, वायर धरली आणि ओढली. वायरीबरोबर अख्खं तोरण खाली आलं. भोंगा खरखरून बंद पडला. बैल बुजले, एका जोडीने रांग मोडली. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

जोडीचा मालक चिखलातून उठून ओरडला, “अबे मेश्राम, तीन पिढ्यांचा मान हाय आमचा! तू कोन होय रे तोरन तोडनारा? पागल झाला काय?”

माझ्या हातात आंब्याची पानं होती. मी पाहिलं, सगळं गाव उभं होतं. बाया, म्हातारे, लेकरं, सगळे उभे. लेट जाओ म्हटल्यावर आडवा झाला होता फक्त एक माणूस. सुभेदार गावंडे. पांढऱ्या सफारीत, स्टेजच्या खाली, शेणात पालथा. कोपरं छातीशी, हात डोक्यावर, तोंड उघडं. स्फोटात कानाचे पडदे वाचावेत म्हणून तोंड उघडं ठेवायला आम्हाला शिकवतात. तो उठेचना. सरपंच त्याला हात देत होते आणि तो तसाच पडून थरथरत होता.

मग लोक हसायला लागले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? भूक भागावी तसा आनंद झाला. घरी आलो आणि दाराला आतून कडी लावली. ती रात्रीपर्यंत काढली नाही.

माझी बायको पुष्पा कमी बोलते. ती म्हणाली, “बुधवारी दवाखान्यात चाला. तिथं कौन्सिलर मॅडम येते.”

“मी पागल नाही.”

“तुम्ही कायले पागल? पागल मी होऊन राह्यली. पोरगी होऊन राह्यली. साप साप म्हनून किती दिवस भुई धोपटता?”

बुधवारी गेलो. घाटंजीच्या सरकारी दवाखान्यात यवतमाळहून एक समुपदेशक बाई यायच्या. रेवती मॅडम. वय माझ्याहून बरंच कमी. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, बाहेर बाजारच्या दिवशी होते तशी गर्दी. मी दाराकडे तोंड करून बसलो. त्या काही न बोलता त्यांची खुर्ची सरकवून बाजूला झाल्या, म्हणजे मला दार नीट दिसेल. तेवढ्यावरून मी ठरवलं की या बाईशी बोलायला हरकत नाही.

तिसऱ्या वेळी मी त्यांना केळापूरच्या रस्त्याचं वळण सांगितलं. मला वाटलं त्या उपदेश करतील. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, “बंदूक कुठे आहे?” त्याच दिवशी पुष्पाला आत बोलावलं, आणि दोन दिवसांत माझी बारा बोअर पोलिस ठाण्यात जमा झाली. मी भडकलो. पुढच्या बुधवारी गेलोच नाही. त्यापुढच्या बुधवारी पुष्पा शेतावर न जाता डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर बसून राहिली. मी चुपचाप चपला घातल्या.

लोकांना वाटतं तिथे बसून रडायचं असतं. मला तर ते ट्रेनिंग वाटलं. पहिली शिकवणी श्वासाची. आत घेतो त्याच्यापेक्षा सोडायचा जास्त वेळ. मी म्हटलं, मॅडम, फायरिंग करताना ट्रिगर असाच सोडलेल्या श्वासावर दाबतात. त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला येतंच की. आता ट्रिगर न दाबता करा.” यवतमाळच्या डॉक्टरांनी झोपेसाठी आणि भीतीसाठी गोळ्या दिल्या, त्याही घेतल्या.

मग पुलियांची यादी केली. सगळ्यात कमी भीतीची कोणती, सगळ्यात जास्त कोणती. कमीवाल्या पुलियावरून न तपासता जायचं, आणि पलीकडे जाऊन पळायचं नाही, उभं राहायचं. छाती धडधडते, घाम येतो, येऊ द्यायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं हार्ट बंद पडतंय. नाही पडलं. थोड्या वेळाने धडधड आपोआप उतरली. मॅडम म्हणाल्या, शरीर अजून ड्यूटीवर आहे, त्याला रिलीव्ह करायला कोणी आलंच नाही. दिवाळीपर्यंत आखराची पुलिया सोडून बाकी सगळ्या पार झाल्या.

सगळ्यात वाईट काम पुढे होतं. ती सकाळ सांगायची. डोळे मिटून, आत्ता घडतंय तशी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दर बुधवारी तीच. सुरुवातीला त्रास वाढला. मी घरी येऊन ओकायचो. पुष्पाने मॅडमला फोन करून विचारलं, हे औषध हाय का रोग? त्या म्हणाल्या, जखम धुताना झोंबते, पण मी सोबत आहे, आपण हळू जाऊ. आणि खरंच हळू गेलो.

एका बुधवारी मॅडम म्हणाल्या, “सुधाकरराव, तुम्ही दर वेळी ‘आगे बढ़ो’ला येऊन थांबता. पुढे गावंडेच. विलास कुठे आहे?”

“समोर आहे.”

“काय करतोय?”

इतकी वर्षं मी रोज गावंडेचा चेहरा पाहत होतो. त्याच्या मिशीचा केस न् केस मला पाठ होता. आणि विलासचा चेहरा मला धड आठवत नव्हता. मित्राच्या नावाने डूख धरला होता, आणि त्या डुखात मित्रच बुडाला होता. याचा मला जेवढा संताप आला तेवढा तर त्या जबानीचाही आला नव्हता. हेही गावंडेच्याच खात्यावर लिहिलं.

मग विलास थोडा थोडा यायला लागला. पुलिया तपासून झाली की तो तिच्या कठड्यावर तळहाताने थाप मारायचा, बैलाच्या खांद्यावर मारतात तशी. म्हणायचा, “शाबास. उभी राह्य.” त्याच्या खिशात कायम भाजलेली तूर असायची, आणि ती तो मोजून दिल्यासारखी दोन-दोन दाणे द्यायचा, चिक्कू. मी रडलो तो या तुरीपाशी. पुढच्या दिवशी आखराच्या पुलियावर गेलो. खाली वाकलो नाही. कठड्यावर थाप मारली आणि घरी आलो.

झोप येऊ लागली. मुलगी पुन्हा आमच्यासोबत जेवायला बसायला लागली. पण राग गेला नाही. मी मॅडमला विचारलं, आता तुम्ही मला माफ करायला सांगणार का?

“नाही. ते माझं कामच नाही. तुम्हाला त्याच्याकडून काय पाहिजे ते सांगा.”

मी आठवडाभर विचार केला. त्याचा जीव नको होता मला. पळसाच्या झुडपात मेला असता तर वर्तमानपत्रात वीर सुभेदार म्हणून फोटो आला असता. मला पाहिजे होता रिपोर्ट. मॅडम म्हणाल्या, तो नाही म्हणाला तर तुम्ही काय कराल, हे आधी मला सांगा. मी सांगितलं, श्वास सोडीन आणि बसस्टँडवर येईन. पुष्पाला सोबत न्यायची अट त्यांनी घातली.

उन्हाळ्यात आम्ही दोघं पांढरकवड्याला गेलो. दार गावंडेनेच उघडलं. मला पाहून त्याने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती.

मी वऱ्हाडीतच बोललो. “साहेब, पोळ्याच्या दिवशी तुम्हीबी आडवे झालते. झोप येते काय तुमाले?”

आतून त्याची बायको म्हणाली, “लाइट लावून झोपते ते. पंखा खडखडला तरी उठते.”

“मंग आइका. पोळ्याच्या आंधी तांड्यावर या. याडीसमोर उभं राहून रिपोर्ट द्या. कोन काय बोललं, कोनाच्या मांगं कोन बोललं, सारं. नाई आले तर पोळ्याले त्याच माइकवर मी देतो.”

“तेरे पास सबूत क्या है?” तो म्हणाला.

“काहीच नाई. तुमी हाय ना.”

त्याची मान हाताच्या अंतरावर होती. मी श्वास सोडला, लांब. पुष्पाने माझी बाही धरली होती, पण ओढावं लागलं नाही. बसस्टँडवर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.

तो आला. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात, भरदुपारी, बायकोला घेऊन. मेडल नव्हती, टोपी नव्हती. विलासचं स्मारक तांड्याच्या तोंडाशी रस्त्याला लागून आहे, सिमेंटचा एक चौथरा आणि त्यावर नाव. याडी तिथे चौथऱ्यावर बसली होती. तांड्यावरची माणसं जमली. गावंडे सावधानमध्ये उभा राहिला. मी त्याला विश्राम सांगितलं नाही.

तो पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलला. “तुमच्या पोरानं थांबा म्हटलं होतं. माती ताजी हाय म्हने. मेश्रामनं मले सेटवर सांगितलं. दोनदा सांगितलं. मी म्हटलं, आगे बढ़ो. मंग चौकशीत मी खोटं बोललो.”

त्याचा आवाज शेवटी फुटला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

याडीने माझ्याकडे वळून विचारलं, “म्हंजे माह्या पोराले दिसलं होतं?”

“हो याडी. सगळ्यांच्या आंधी त्यालेच दिसलं.”

“मी इतके वर्स त्यालेच बोलून राह्यली रे,” ती म्हणाली. “रोज दिवा लावताना म्हनो, काहून घाई केली बाप्पा, काहून पाहून नाई चालला.” तिने तळहात चौथऱ्यावर ठेवला आणि तिथेच ठेवला. “दिसलं होतं त्याले.”

तांड्यावर शत्रू आला तरी त्याला आधी पाणी विचारतात. गावंडेला कोणी पाणी विचारलं नाही. तो उन्हात उभा राहिला, मग त्याच्या बायकोने त्याला हाताला धरून नेलं. माझा सूड एवढाच झाला, आणि मला तो पुरला.

यंदा पोळ्याला गावाने मला तोरण बांधायला बोलावलं. जोडीचा मालक म्हणाला, “बांधाले तुले बोलावलं बाबू, तोडाले नाई.” खांबांचे खड्डे मीच खणले.

बुधवारी अजून जातो, आता महिन्यातून एकदा. काही पहाटा अजून वाईट असतात. अशा पहाटे मी सायकल काढून तांड्याच्या रस्त्याला लागतो. वाटेतल्या पुलियांवर थाप मारतो. चौथऱ्यावर याडीने पेंटरकडून एक ओळ वाढवून घेतली आहे. वर होतं ते तसंच आहे, नाईक विलास आडे. त्याखाली त्याचं सेटवर गेलेलं शेवटचं बोलणं, ‘रुको. मिट्टी ताज़ी है.’

रस्त्याने जाणारे गाडी हळू करतात आणि विचारतात, हे काय लिहिलं आहे? याडी घरातून बाहेर येते. पायाला त्रास आहे तरी येते, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते की तिच्या पोराला दिसलं होतं.